कावेलच्या रस्त्यावरील एक नाव : डॉ. अकासियो गॅब्रिएल व्हिएगस

मुंबईच्या काळबादेवी परिसरातील कावेल ही कॅथोलिकांची अत्यंत जुनी वस्ती. आज तेथे कापडाची दुकाने, गोदामे, हातगाड्या आणि माणसांची अखंड वर्दळ दिसते. या गर्दीतून वाट काढीत आपण आरोग्यमातेच्या चर्चपाशी पोहोचतो, तेव्हा ज्या रस्त्यावर आपण उभे असतो, त्याला पूर्वी कावेल स्ट्रीट म्हणत. आज तो डॉ. व्हिएगस यांच्या नावाने ओळखला जातो. आपल्यापैकी कित्येकांनी हे नाव लग्नपत्रिकांवर, बाप्तिस्म्याच्या दाखल्यांवर, नोव्हेनाच्या आमंत्रणांवर वाचले असेल. चर्चच्या पत्त्याचा एक भाग म्हणून ते आपण लिहिलेही असेल. परंतु हे डॉ. व्हिएगस होते तरी कोण, असा प्रश्न आपल्यापैकी किती जणांना पडला असेल?

आम्हालाही तो फार उशिरा पडला. एका रविवारी पवित्र मिस्सानंतर आम्ही चर्चबाहेर उभे असताना धर्मशिक्षणाच्या वर्गातील एका मुलाने तो आम्हाला विचारला. रस्त्याला ज्याचे नाव दिले आहे तो कोणी संत होता का, एवढेच त्याला जाणून घ्यायचे होते. आम्ही तेथे जमलेली चार-पाच वडीलधारी मंडळी एकमेकांकडे पाहू लागलो. कोणी म्हणाले, कोणीतरी डॉक्टर असावेत. कोणी म्हणाले, मेट्रो सिनेमासमोर ज्यांचा पुतळा आहे तेच ते. याहून अधिक कोणालाही सांगता येईना. त्या मुलाला उत्तर देता आले नाही याची खंत आमच्या मनात राहिली. ती खंत दूर करण्यासाठी आम्ही जे वाचले, ते आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

अकासियो गॅब्रिएल व्हिएगस यांचा जन्म १८५६ साली गोव्यातील बारदेश तालुक्यात, हडफडे या गावी झाला. त्या काळी गोव्यावर पोर्तुगीजांची सत्ता होती. उपजीविकेसाठी आणि शिक्षणासाठी गोव्यातील असंख्य कुटुंबांची पावले मुंबईकडे वळत होती. कोणी बोटीवर खलाशी होई, कोणी आचारी, कोणी वादक. धोबीतलाव, कावेल, सोनापूर, डाबूल या भागांत त्यांच्या गावोगावच्या खोल्या, म्हणजेच कुड्ड, उभे राहत होते. या लोकांचा तेथील आपल्या ईस्ट इंडियन बांधवांशी शेजार जुळला. प्रार्थना एकत्र होऊ लागल्या, क्वचित रुसवेफुगवेही झाले. तरुण अकासियो याच प्रवाहातून मुंबईत आले. सेंट झेवियर्समध्ये त्यांचे शिक्षण झाले आणि पुढे त्यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात वैद्यकाचा अभ्यास केला. १८८० साली ते उत्तम गुणांनी वैद्यकीय परीक्षा उत्तीर्ण झाले.

डॉक्टर झालेल्या हुशार तरुणाला त्या काळच्या मुंबईत श्रीमंतांच्या वस्तीत दवाखाना थाटणे अवघड नव्हते. व्हिएगस यांचा व्यवसाय मात्र मांडवीच्या बाजूला होता. मांडवी हा बंदराला लागून असलेला व्यापारी भाग. धान्याची प्रचंड गोदामे, त्यांवरील माळ्यांवर राहणारी कुटुंबे, काळोख्या खोल्या, तुंबलेली गटारे आणि दाट वस्ती असे तेथील चित्र होते. शेजारच्या डोंगरी आणि नवरोजी हिलच्या गल्ल्यांतही परिस्थिती वेगळी नव्हती. १८९१ च्या जनगणनेनुसार मुंबईची लोकसंख्या सुमारे आठ लाख वीस हजार होती आणि त्यांतील बहुसंख्य लोक एकेका खोलीत दाटीवाटीने राहत. सूर्यप्रकाश, वारा आणि स्वच्छ पाणी या तीन गोष्टी देवाने सर्वांना सारख्याच दिल्या असल्या, तरी शहराने त्या सारख्या वाटल्या नव्हत्या. डॉ. व्हिएगस हे डॉक्टर म्हणून या घरांत जात आणि मुंबई महापालिकेचे सदस्य म्हणून त्याच घरांची दैना सभागृहात मांडू शकत. या दोन भूमिका एकाच माणसाकडे होत्या, हे पुढे फार महत्त्वाचे ठरले.

१८९६ साल उजाडले. दोन वर्षांपूर्वी, १८९४ मध्ये, हाँगकाँगमध्ये प्लेगची मोठी साथ आली होती आणि तेथेच अलेक्झांडर येर्सिन या शास्त्रज्ञाने या रोगाचा जंतू शोधून काढला होता. मुंबईचा हाँगकाँगशी मोठा व्यापार होता आणि जहाजांची ये-जा अखंड चालू होती. त्या पावसाळ्यात मांडवीत लोकांना विलक्षण ताप येऊ लागला. दोन-तीन दिवसांत धडधाकट माणूस दगावे. गोदामांमध्ये उंदीर मरून पडू लागले. काखेत किंवा जांघेत गाठ येऊन रोगी ग्लानीत जाई. लोक घाबरले होते, कुजबुजत होते, परंतु रोगाचे नाव कोणीही उघडपणे उच्चारत नव्हते.

सप्टेंबर १८९६ मध्ये अशाच एका रुग्णाला तपासताना डॉ. व्हिएगस यांना शंका आली आणि मग खात्री पटली. हा साधा ताप नव्हता. हा प्लेग होता. ज्याला त्या काळची मराठी वृत्तपत्रे ग्रंथिक सन्निपात म्हणत, तो गाठीचा प्लेग. त्याच महिन्यात त्यांनी महापालिकेच्या स्थायी समितीपुढे ही गोष्ट उघडपणे मांडली.

आज हे वाक्य आपण सहज वाचून पुढे जातो. परंतु त्या एका उच्चाराचे मोल आपण क्षणभर थांबून जोखले पाहिजे. प्लेग हा शब्द म्हणजे बंदराला कुलूप. प्लेग म्हणजे युरोपातील देशांनी मुंबईची जहाजे परत पाठवणे, कापसाचा आणि धान्याचा व्यापार थांबणे, गिरण्यांची धुराडी विझणे. ज्या मांडवीत डॉ. व्हिएगस यांचा व्यवसाय होता, तेथील व्यापाऱ्यांच्याच पोटावर या शब्दाने पाय येणार होता. शासकीय वर्तुळाचा प्रारंभीचा कल या रोगाला एक विशिष्ट प्रकारचा ताप म्हणण्याकडे होता. चूक ठरले असते, तर डॉ. व्हिएगस यांची सारी प्रतिष्ठा धुळीला मिळाली असती. बरोबर ठरले, तरी लोकांचे शिव्याशाप वाट्याला येणारच होते. सौम्य शब्द वापरून वेळ मारून नेण्याचा मार्ग त्यांच्यापुढे मोकळा होता. तो त्यांनी स्वीकारला नाही.

त्यांच्या निदानाची स्वतंत्र तज्ज्ञांकडून पडताळणी झाली आणि ते खरे ठरले. सरकारने वाल्देमार हाफकिन यांना मुंबईस पाचारण केले. कॉलराच्या लशीवर कार्य केलेले हे ज्यू शास्त्रज्ञ ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईत पोहोचले. ज्या ग्रँट मेडिकल कॉलेजात डॉ. व्हिएगस शिकले होते, तेथेच एका छोट्याशा जागेत, मोजक्या मदतनिसांच्या साहाय्याने हाफकिन यांनी प्लेगची लस तयार केली. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती सर्वप्रथम स्वतःच्या शरीरात टोचून घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगात तिची चाचणी झाली. पुढे हीच प्रयोगशाळा १८९९ मध्ये परळच्या जुन्या राजभवनात हलवण्यात आली. आज आपण जिला हाफकिन संस्था म्हणून ओळखतो, तिचा उगम असा त्या मांडवीच्या काळोख्या खोल्यांपर्यंत जाऊन पोहोचतो.

लस तयार झाली, परंतु ती टोचून घेण्यास कोण धजावणार? सुई म्हणजे मृत्यू, अशी धास्ती घरोघरी होती. अशा वेळी विविध समाजांतील प्रतिष्ठितांनी पुढे येऊन स्वतः लस घेतली. खोजा समाजाचे तरुण प्रमुख आगाखान यांनी आपल्या अनुयायांच्या देखत लस टोचून घेतल्याचे प्रसिद्धच आहे. डॉ. व्हिएगस यांनी तर लोकांच्या वस्तीत जाऊन सुमारे १८,००० जणांना स्वतःच्या हातांनी लस टोचली, अशी नोंद त्यांच्या चरित्रात आढळते. हा आकडा आम्ही पुन्हा पुन्हा वाचला. अठरा हजार दंड, अठरा हजार घाबरलेले चेहरे, आणि त्यांतील प्रत्येकाची समजूत घालणारा एक डॉक्टर! त्यांच्या समोरचा रोगी हिंदू होता, मुसलमान होता, पारशी होता की ख्रिस्ती, हा भेद त्या सुईने कधी केला नाही. याबरोबरच चाळींची स्वच्छता, गटारांची दुरुस्ती आणि उंदरांचा नायनाट यांसाठी त्यांनी महापालिकेत सातत्याने आवाज उठवला. पिसवांमुळे उंदरांकडून माणसाला प्लेग होतो, हे पॉल-लुई सिमों या फ्रेंच संशोधकाने १८९८ मध्ये कराचीत दाखवून दिले आणि ते सर्वमान्य होण्यास आणखी काही वर्षे लागली, हे लक्षात घेतले म्हणजे या आग्रहाचे महत्त्व अधिक जाणवते.

तथापि, चरित्र सांगताना केवळ गौरवाचे सांगणे आम्हास प्रशस्त वाटत नाही. रोगाचे नाव जाहीर झाल्यानंतर जे घडले, ते क्लेशदायक होते. ऑक्टोबर १८९६ मध्येच महापालिकेने रुग्णांना सक्तीने रुग्णालयात नेण्याचे अधिकार हाती घेतले. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा संमत झाला आणि शासनाला अमर्याद सत्ता मिळाली. घरांची झडती, सामानाची जाळपोळ, रेल्वे स्थानकांवर स्त्री-पुरुषांची तपासणी असे प्रकार सुरू झाले. आपल्या माणसाला परक्या लोकांनी उचलून न्यावे आणि पुन्हा त्याचे तोंडही दिसू नये, याची भीती लोकांना रोगाहूनही अधिक वाटू लागली. ऑक्टोबर १८९६ च्या अखेरीस गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोड रुग्णालयावर हल्ला केला. मार्च १८९८ मध्ये जुलाई मोहल्ल्यातील तपासणीवरून मुंबईत दंगल उसळली. पुण्यात तर प्लेग निवारणातील जुलमाच्या संतापातून चापेकर बंधूंनी २२ जून १८९७ च्या रात्री रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या. त्याच पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले यांनी १० मार्च १८९७ रोजी देह ठेवला होता.

रोगाचे खरे नाव सांगणे हे डॉक्टरचे काम. त्या सत्याचा वापर करुणेने करायचा की दंडुक्याने, हे राज्यकर्त्यांचे काम. पहिले काम मुंबईत नीट झाले, दुसरे झाले नाही. यामुळे पहिल्याचे मोल कमी होत नाही. उलट, सत्य आणि दया यांची फारकत झाली की काय होते, हे त्या काळाने आपणास शिकवले, असे आम्हाला वाटते. डॉ. व्हिएगस यांनी मात्र या दोहोंची फारकत होऊ दिली नाही. ज्या वस्तीत प्लेग आहे असे त्यांनी सांगितले, त्या वस्तीकडे त्यांनी पाठ फिरवली नाही. जिवाचा धोका पत्करून ते तेथील रुग्णांची शुश्रूषा करीत राहिले.

त्या हिवाळ्यात मुंबई ओस पडली. साडेतीन लाखांहून अधिक माणसे शहर सोडून गेली. आगगाड्या, बोटी, बैलगाड्या भरभरून लोक कोकणात, घाटावर, गुजरातेत निघाले. गिरण्या थंडावल्या. चर्चमधील बाके रिकामी झाली असतील आणि घंटा मात्र मृतांसाठी वाजत राहिल्या असतील, अशी कल्पना करूनही मन सुन्न होते. त्या दिवसांची खूण आपल्या वाड्यावस्त्यांत आजही उभी आहे. वांद्र्याच्या गावठाणांतून फिरताना गल्लीच्या तोंडाशी जे लहानमोठे दगडी क्रूस दिसतात, त्यांपैकी कित्येक प्लेगच्या काळात उभारले गेले. घरातून चर्चपर्यंत जाणेही जेव्हा कठीण झाले, तेव्हा शेजारीपाजारी या क्रुसांभोवती जमून रोजरीची प्रार्थना करीत. गिरगावातील खोताच्या वाडीतील छोटे चॅपेल १८९९ सालचे. ते प्लेगमधून वाचलेल्यांच्या कृतज्ञतेतून उभे राहिले. आपल्या पणजोबा-पणजीनी हे क्रूस डोळ्यांत पाणी आणून बांधले. मेमधील क्रुसाच्या सणाला आपण त्यांवर फुले वाहतो, तेव्हा ही आठवण आपल्या मनात जागी असते का, हेही स्वतःला विचारण्यासारखे आहे.

डॉ. व्हिएगस यांचे कार्य प्लेगपुरते मर्यादित राहिले नाही. महापालिकेत ते दीर्घकाळ कार्यरत होते. १९०६ साली ते मुंबई महापालिकेचे अध्यक्ष झाले. त्याच्या आदल्या वर्षी हे पद सर फिरोजशहा मेहता यांच्यासारख्या दिग्गजाने भूषविले होते. या पदावर बसणारे डॉ. व्हिएगस हे पहिले भारतीय ख्रिस्ती होत. पुढे १९२५ मध्ये माझगावच्या माथारपाखाडीचे सुपुत्र आणि लोकमान्य टिळकांचे सहकारी जोसेफ बाप्टिस्टा, म्हणजेच आपले काका बाप्टिस्टा, यांनी हा मान मिळविला. मुंबई विद्यापीठाच्या कारभारातही डॉ. व्हिएगस यांचा सहभाग होता. हडफड्याच्या खेड्यातून आलेला मुलगा देशातील एका अग्रगण्य शहराचा प्रथम नागरिक झाला. त्याला तेथवर नेले ते वशिल्याने नव्हे, तर लोकांच्या दारी घालवलेल्या वर्षांनी.

प्लेगने मुंबईचा चेहराही बदलला. १८९८ मध्ये शहर सुधारणेसाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. दाट वस्त्यांमधून वारा खेळावा म्हणून नवे रस्ते काढण्यात आले. कावेलच्या लगत असलेला प्रिन्सेस स्ट्रीट आणि डोंगरीकडील सँडहर्स्ट रोड हे याच योजनांतील. दादर, माटुंगा, वडाळा, शीव या भागांची आखीव वस्ती हेही याच प्रयत्नांचे फळ. दक्षिण मुंबईतील कॅथोलिक कुटुंबे हळूहळू उत्तरेकडे सरकू लागली. आज कावेलमध्ये कॅथोलिकांची घरे थोडी उरली आहेत. ज्यांचे आजी-आजोबा येथे नांदले, ती कुटुंबे आज वांद्रे, मालाड, बोरिवली, वसई येथे आहेत आणि आरोग्यमातेच्या सणाला मात्र आवर्जून परत येतात. वस्ती विखुरली, की स्मृतीही विखुरते. रस्त्याचे नाव उरते, परंतु त्या नावाची कहाणी सांगणारी ओसरी उरत नाही.

डॉ. व्हिएगस यांचे १९३३ साली निधन झाले. धोबीतलाव येथे मेट्रो सिनेमासमोर त्यांचा पुतळा उभा आहे. त्याच्यासमोरून रोज हजारो लोक ये-जा करतात. बसची वाट पाहणारा कोणी त्याकडे नजर टाकतो आणि मान वळवतो. प्लेगने मात्र नंतरची कित्येक वर्षे भारताची पाठ सोडली नाही. देशभरात एक कोटीहून अधिक माणसे या रोगाने नेली. मुंबईत त्याचे निदान सप्टेंबर १८९६ मध्ये न होता आणखी काही महिन्यांनी झाले असते, तर हा आकडा कुठवर गेला असता, याचा हिशेब कोणीच मांडू शकणार नाही.

आम्ही हे वाचत होतो, तेव्हा २०२० सालच्या आठवणी वारंवार मनात येत होत्या. त्या मार्च महिन्यात कोरोनाच्या साथीला तोंड देण्यासाठी आपल्या देशात जो कायदा लागू झाला, तो हाच १८९७ चा साथरोग कायदा होता. तेव्हाही रस्ते ओस पडले. तेव्हाही माणसे पायी गावाकडे निघाली. आपली चर्च बंद राहिली आणि कित्येकांना आपल्या आईवडिलांच्या अंत्यविधीलाही उपस्थित राहता आले नाही. त्या वेळीही अनेक डॉक्टर, परिचारिका आणि धर्मभगिनी रुग्णांच्या खाटेशी उभ्या राहिल्या. त्यांतील काही परतल्या नाहीत. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या माणसाला आपण पुतळ्यावरून ओळखत नाही, परंतु त्याच्या कार्याला आपण ओळखतो, कारण ते कार्य आपण आपल्याच डोळ्यांनी पाहिले आहे.

त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर आता आमच्याकडे आहे. डॉ. व्हिएगस यांना ख्रिस्तसभेने वेदीवर बसवलेले नाही. ते संसारी, व्यवसाय करणारे, सभागृहात वाद घालणारे गृहस्थ होते. परंतु जे खरे आहे ते वेळेवर बोलणे आणि बोलल्यानंतर त्या सत्याचा भार स्वतःच्या खांद्यावर घेणे, हे त्यांनी केले. आपल्या सर्वसामान्य प्रापंचिकांना एवढे जमले, तरी ते थोडे नाही. आरोग्यमातेच्या नावाने उभ्या असलेल्या चर्चच्या रस्त्याला शहराचे आरोग्य राखणाऱ्या डॉक्टरचे नाव लाभावे, हा योगायोग असेलही. आम्हाला मात्र त्यात एक सुंदर संगती दिसते.

वाचकांना आमची एक नम्र विनंती आहे. पुढील वेळी आपण कावेलच्या चर्चमध्ये मिस्साला किंवा सणाला जाल, तेव्हा रस्त्याच्या पाटीपाशी क्षणभर थांबा आणि सोबतच्या मुलाला हे डॉक्टर कोण होते ते सांगा. धोबीतलावला गेलात, तर त्या पुतळ्याकडे एकदा मान वर करून पाहा. आणि आपल्या स्वतःच्या गावातील, आळीतील, चौकातील पाटीवर ज्याचे नाव आहे, त्याच्याविषयी घरातील वृद्धांना विचारा. ती पिढी आहे तोवर विचारा.